आखडलेला सांधा आणि जाणता हात

शरीराची एखादी हालचाल जेव्हा हरवते, तेव्हा ती बहुधा गाजावाजा न करता, लहानसहान तडजोडींच्या रूपाने हरवत जाते. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागू लागते, वेणी घालताना मान वाकवून डोके हाताच्या जवळ न्यावे लागते, ब्लाऊजचे मागचे हूक पुढे येतात. पुरुषाच्या मागच्या खिशातले पाकीट पुढच्या खिशात येते. आणि घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाने जन्मभर मांडी घालून जेवण केले, त्याच्यासाठी एके दिवशी खुर्ची मांडली जाते. या सगळ्यांवर ‘आता वय झाले’ असा एकच शेरा मारून आपण प्रकरण दप्तरी दाखल करतो. वस्तुतः यांतील बऱ्याचशा तक्रारींचे मूळ वयात नसून आखडलेल्या संधिकोशात, आक्रसलेल्या स्नायूंत आणि वेदनेच्या धास्तीने शरीराने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांत असते. आणि ही बंधने हाताने ओळखून हातानेच सैल करण्याची जी पद्धतशीर विद्या फिजिओथेरपीत विकसित झाली, तिला मॅन्युअल थेरपी किंवा हस्तोपचार म्हणतात. काही जण तिला तेलाशिवायची मालीश समजतात, तर काही जण तिच्याकडून सरकलेले हाड एका झटक्यात जागेवर बसवण्याच्या चमत्काराची अपेक्षा करतात. या दोन्ही समजुती दूर ठेवून तिचे खरे स्वरूप पाहणे इष्ट आहे.

त्यासाठी प्रथम सांध्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. त्या टोकांना वेढणारा एक चिवट संधिकोश असतो. त्या कोशाच्या आतल्या अस्तरातून एक दाट, बुळबुळीत द्रव पाझरत असतो. आणि बाहेरून अस्थिबंध व स्नायू या रचनेचे रक्षणही करतात व तिला चालनाही देतात. या सांध्यात होणाऱ्या हालचाली दोन जातींच्या आहेत. एक जात आपल्या इच्छेच्या अंमलाखालची: हात वर करणे, गुडघा वाकवणे, मान वळवणे. दुसरी जात मात्र अशी की, ती प्रत्येक हालचालीत घडत असते आणि तरीही कोणालाही ती आपण होऊन, सुटी अशी करता येत नाही. याची प्रचीती घरबसल्या घेता येते. डाव्या हाताची बोटे सैल सोडावीत, मधल्या बोटाचे मुळाजवळचे पेर उजव्या हाताच्या चिमटीत धरावे आणि ते हलकेच स्वतःभोवती फिरवून पाहावे. ते दोन्ही बाजूंना थोडेथोडे वळते. आता उजवा हात काढून घ्यावा आणि तीच हालचाल त्या बोटाने स्वतः करून दाखवावी. कितीही यत्न केला तरी ती होत नाही. सांध्यातील ही लपलेली सैलाई नाहीशी झाली, म्हणजे इच्छेने होणारी मोठी हालचालही अडू लागते. आणि ती लपलेली हालचाल रुग्णाला स्वतः करता येत नसल्यामुळेच दुसऱ्या जाणत्या हाताची गरज उत्पन्न होते.

खांद्याचे उदाहरण याबाबतीत सर्वांत बोलके आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि ज्या खोबणीत तो फिरतो ती अगदी उथळ, त्यामुळे बशीत ठेवलेल्या लिंबाप्रमाणे तो गोळा सहज फिरतो आणि तितक्याच सहज घसरूही शकतो. हात बाजूने वर नेताना हा गोळा वरच्या दिशेने गडगडतो आणि त्याच वेळी खालच्या दिशेने सरकतो. हे सरकणे नसते, तर तो वरच्या हाडाच्या छपराला जाऊन भिडला असता. हात कानापर्यंत नेण्याच्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश या सांध्यात मिळतात आणि उरलेले सुमारे ६० अंश खांद्याचे पाते बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतात. संधिकोश आक्रसला की गोळ्याचे सरकणे थांबते. मग रुग्ण खांदा कानाकडे उचलून आणि कमरेतून कलून ती उणीव भरून काढू पाहतो. अशा हाताला नुसते धरून वर ओढणे म्हणजे जे सरकणे बंद पडले आहे त्याचा विचार न करता गडगडण्याचीच सक्ती करणे होय. जाणता हात म्हणूनच दंडाच्या लांब टोकाला न ओढता सांध्याच्या अगदी जवळ पकड घेतो आणि हरवलेले ते काही मिलिमीटरांचे सरकणे परत मिळवण्याचा प्रयत्न करतो.

स्नायूंची कथा थोडी निराळी आहे. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू पहारेकऱ्याप्रमाणे ताठ राहतात आणि मूळ दुखणे ओसरल्यावरही हा पहारा कधीकधी उठत नाही. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात स्नायू खरोखरच आखूड होतो. मांजरांच्या पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवून १९७२ साली जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत त्या स्नायूच्या तंतूंमधील आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्याच घटल्याचे आढळले आणि प्लास्टर काढल्यावर ती पुन्हा भरून आली. याचा अर्थ असा की, स्नायू ज्या लांबीत दीर्घकाळ ठेवला जातो त्या लांबीला तो रुजू होतो. पहिल्या प्रकारात सौम्य दाब, लयबद्ध हालचाल आणि रुग्णाने क्षणभर विरोध करून मग स्नायू ढिला सोडण्याची युक्ती, एवढ्याने जागच्या जागी फरक पडतो. अमेरिकेत १९४०च्या दशकात हर्मन कॅबट आणि मार्गारेट नॉट यांनी पक्षाघाताच्या व पोलिओच्या रुग्णांसाठी ही युक्ती पद्धतशीरपणे वापरात आणली. दुसऱ्या प्रकारात मात्र आठवड्यांची, कधी महिन्यांची मुदत द्यावी लागते, कारण तिथे नवी घडण व्हायची असते.

हाताने सांधा बरा करण्याचा यत्न मनुष्यजातीइतकाच जुना असावा. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा आणि मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार वर्णिले आहेत. पण त्याहूनही मार्मिक आहे ती तळहाताच्या अस्थिभंगानंतरची सूचना, की हाड सांधल्यावर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड धरण्याचा अभ्यास करावा. वैद्याच्या हाताचे काम संपल्यावर रुग्णाच्या हाताचे काम सुरू होते, हे तत्त्व या एका सूचनेत पूर्णपणे आलेले आहे. आपल्याकडे हाडवैद्यांनी आणि तालमीतल्या वस्तादांनी या कौशल्याचा काही अंश पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. इंग्लंडातही तसेच हाड बसवणारे होते, आणि प्रतिष्ठित डॉक्टर त्यांचा तिरस्कार करीत. परंतु सर जेम्स पॅजेट या थोर शल्यविशारदाने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की, हे लोक ज्या रुग्णांना बरे करतात त्यांचा अभ्यास करा, त्यांच्यातले चांगले ते उचला आणि वाईट ते टाळा. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था स्थापन केली, ती मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून या विद्येची अब्रू राखण्यासाठी. परीक्षा, प्रमाणपत्र आणि आचारनियम यांचा शिरस्ता तिने घालून दिला, आणि त्याच संस्थेला १९४४ साली सनदी फिजिओथेरपी संस्था हे नाव मिळाले.

या विद्येला शास्त्राची शिस्त लावण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या मध्यावरील काही व्यक्तींना द्यावे लागते. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातील डॉक्टर जेम्स सिरिआक्स यांनी हाताला काय जाणवते याची भाषा निर्माण केली. हालचालीच्या अखेरीस हाताला जो अटकाव लागतो त्याचे प्रकार त्यांनी सांगितले: कोपर सरळ करताना हाडावर हाड टेकल्याचा कठीण अटकाव, गुडघा पूर्ण वाकवताना मांसावर मांस टेकल्याचा मऊ अटकाव, संधिकोश ताणला गेल्याचा चिवट अटकाव, आणि कोणताही प्रत्यक्ष अटकाव लागण्यापूर्वीच रुग्ण वेदनेने ‘पुरे’ म्हणतो तो रिकामा शेवट, जो आत काही गंभीर विकार असल्याची सूचना ठरू शकतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे जेफ्री मेटलंड यांनी हाताच्या दाबाला प्रतवारी दिली आणि १९६४ साली मणक्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी सांध्यातील गडगडणे व सरकणे यांवर आपली पद्धत उभारली. तर न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांनी, उपचारकाने सांध्याला योग्य दिशेने आधार द्यावा आणि त्याच क्षणी रुग्णाने दुखणारी हालचाल स्वतः करावी, ती वेदनारहित झाली तरच पुढे जावे, असा मार्ग दाखवला.

भारतात या व्यवसायाचा पाया मुंबईत घातला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत पोलिओने शहरातील ज्या मुलांचे हाल केले, त्यांच्या अपंग अवयवांकडे पाहणारे प्रशिक्षित हात देशात जवळजवळ नव्हतेच. त्या निकडीतून १९५०च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम इस्पितळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली, आणि १९५५ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

आता हा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. पन्नाशीतील, मधुमेह असलेली एखादी गृहिणी ‘खांदा वर जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही’ अशी तक्रार घेऊन येते. बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली ज्याला गोठलेला खांदा, अर्थात फ्रोजन शोल्डर म्हटले, तो हा विकार. मधुमेही व्यक्तींत तो इतरांहून बराच अधिक आढळतो. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवण्याची हालचाल यात बहुधा सर्वांत जास्त घटते, म्हणून ती प्रथम कोनमापकाने मोजून नोंदवली जाते. मग रुग्णाला उताणे निजवून तिचा हात आधाराने सैल केला जातो. उपचारकाचा एक हात खांद्याचे पाते स्थिर धरतो, दुसरा काखेजवळ दंडाला वेढतो. ‘मावशी, दुखलं की लगेच सांगा, सहन करत बसू नका,’ एवढी सूचना होते आणि काम सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही; गोळा पायांच्या दिशेने किंवा मागे, काही मिलिमीटर सरकवला आणि सोडला जातो, सेकंदाला दोनतीन वेळा, अर्धाएक मिनिट, मग विश्रांती आणि पुन्हा तपासणी. मेटलंड यांच्या प्रतवारीतील पहिल्या दोन प्रती अटकावापर्यंत जातच नाहीत; त्या वेदना शमवण्यासाठी आहेत. तिसरी मोठ्या आणि चौथी लहान आंदोलनांनी अटकावाच्या हद्दीवर काम करते; या दोन ताठरपणासाठी आहेत. झटक्याने दिलेला वेगवान धक्का हा पाचवा आणि शेवटचा प्रकार, आणि बहुसंख्य रुग्णांना त्याची गरजच पडत नाही. थोडक्यात, या उपचाराचे मर्म जोरात नसून तारतम्यात आहे.

हे तारतम्य केवळ सौजन्यापोटी सांगितलेले नाही. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोठलेल्या खांद्याच्या ज्या रुग्णांना वेदनेच्या मर्यादेत राहून सौम्य व्यायाम दिले गेले, त्यांची प्रगती वेदना सोसून जोराचे ताण घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. दुसरा दाखला सिद्धांताच्या नम्रतेचा आहे. हात बाहेर वळवताना गोळा पुढे सरकायला हवा, म्हणून त्याला पुढेच ढकलावे, असे जुना नियम सांगे. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत गोळा मागे सरकवलेल्या रुग्णांचे बाहेर वळणे कितीतरी अधिक सुधारले. आखडलेला सांधा पुस्तकातल्या सांध्याप्रमाणे वागेलच असे नाही, म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर मोजून पाहणे हाच या विद्येतला खरा न्याय होय.

मोजण्याची ही वृत्ती रूढ समजुतींनाही लावली पाहिजे. मान किंवा पाठ मोडताना येणारा ‘कट्’ असा आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण, असे लोक मानतात. १९७१ साली लीड्स येथील संशोधकांनी त्याचा संबंध सांध्यातील द्रवात उद्भवणाऱ्या वायूच्या बुडबुड्याशी लावला, आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने बोटाच्या सांध्यात आवाजाच्या क्षणी एक पोकळी निर्माण होताना प्रत्यक्ष पाहिली. या आवाजाचा आणि गुण येण्याचा अनिवार्य असा संबंध नाही. आराम वाटतो तो बऱ्याच अंशी मज्जासंस्थेच्या द्वारे: रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्श आणि हालचाल यांच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना आवर घालू शकतात, स्नायूंचा पहारा सैल होतो आणि ‘हा अवयव हलवला तरी अपाय होत नाही’ असा अनुभव शरीराला मिळतो. परंतु ही सवलत तात्पुरती असते. त्या मोकळ्या झालेल्या अवधीत रुग्णाने ती हालचाल स्वतः, वारंवार आणि पुढे थोड्या थोड्या भारासह केली नाही, तर मिळवलेले अंश पुन्हा खर्ची पडतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१६ साली जे मार्गदर्शन ठरवले गेले त्यात कंबरदुखीसाठी हस्तोपचारास मान्यता आहे, पण ती व्यायामासह करावयाच्या उपचारयोजनेचा एक भाग म्हणूनच. भिंतीवर बोटे चढवणे, काठीच्या आधाराने हात वळवणे, दोरी-कप्पीने हात उचलणे या घरगुती व्यायामांना रुग्ण गौण समजतात. वास्तविक उपचारकाच्या टेबलावर गेलेली वीस मिनिटे या व्यायामांसाठी असतात.

जिथे हात लावू नये ती ठिकाणे ओळखणे हाही या विद्येचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. पडल्यामुळे कोपराला मार लागलेल्या मुलाला तेल चोळणे आणि आखडलेले कोपर ओढून सरळ करणे हा प्रकार आपल्याकडे आजही सर्रास होतो. अशा बळजबरीने इजा झालेल्या स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि जे कोपर काही आठवड्यांत मोकळे झाले असते ते कायमचे अडकून बसते. मारानंतरचे कोपर चोळू नये, ओढू नये, ही गोष्ट प्रत्येक घरी ठाऊक असली पाहिजे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाला, हाड मोडल्याचा, जंतुसंसर्गाचा किंवा कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णाला झटक्याचे उपचार वर्ज्य आहेत. आमवाताने वर्षानुवर्षे पोखरलेल्या मानेच्या वरच्या मणक्यांतील अस्थिबंध ढिले झालेले असू शकतात. आणि एरवी निरोगी माणसातही मानेला दिलेल्या वेगवान झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या, विरळा पण खऱ्या, नोंदी आहेत. मग केशकर्तनालयाच्या खुर्चीत मान खटकन मोडून घेण्याच्या सवयीविषयी निराळे काय सांगावे? विश्रांतीनेही न शमणारे रात्रीचे दुखणे, ताप, अकारण घटणारे वजन, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, यांपैकी काहीही असेल तर उपचारकाच्या टेबलावर न जाता आधी डॉक्टरांकडे, आणि शेवटच्या दोन लक्षणांत तर तत्काळ इस्पितळात, गेले पाहिजे.

इतके सारे असूनही आपल्याकडे ‘फिजिओथेरपी घेतली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘दहा दिवस शेक घेतला आणि करंट लावला’ एवढाच होतो. त्यात उपचारकांचा दोष थोडा आणि परिस्थितीचा अधिक आहे. सार्वजनिक इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लांब असते, यंत्र एका वेळी अनेक रुग्णांना जोडता येते, हात मात्र एका वेळी एकाच रुग्णावर राहू शकतो. पण यंत्राच्या शेकाने सांध्याचा अटकाव कोणत्या जातीचा आहे हे कळत नाही. ते कळते हाताला, आणि हाताला वेळ लागतो. म्हणून इस्पितळांच्या अंदाजपत्रकात नव्या यंत्रांची तजवीज होते तशीच या वेळेचीही, म्हणजे पुरेशा प्रशिक्षित माणसांची, तजवीज झाली पाहिजे. ती चैन नसून उपचाराचा गाभाच आहे.

रुग्णानेही आपला अधिकार आणि आपली जबाबदारी दोन्ही ओळखावीत. उपचारकाची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे आहे का, हे निःसंकोच विचारावे. पहिल्या दिवशी हालचाल मोजली का, आणि चारसहा भेटींनंतर ती पुन्हा मोजली का, याची चौकशी करावी. कोणता दाब कशासाठी देत आहेत हे समजून घ्यावे, आणि ‘हाड सरकले आहे, दर आठवड्याला बसवून घ्या’ असे कोणी सांगितल्यास तिथला उपचार थांबवावा. त्याबरोबरच घरी करायचे व्यायाम कोणते, किती आणि केव्हा वाढवायचे हे लिहून घ्यावे व ते करावेत. चांगल्या उपचारकाचे यश रुग्ण पुन्हा पुन्हा येण्यात नसते. काही आठवड्यांनी त्याला उपचारकाच्या हाताची गरज उरत नाही, वरच्या फळीवरचा डबा तो स्वतःच्या हाताने काढतो आणि रोज काढत राहतो, यात असते.